संगणक भंगारात देण्याआधी त्यातली गाणी उतरवून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत सध्या जुन्या संगणकांचं निर्लेखन, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकणं, चाललं आहे. यादी होते, समितीच्या सह्या होतात आणि एक दिवस गाडी येऊन सगळे डबे घेऊन जाते. खराब सामानाने शाळेची खोली अडवून ठेवावी असं माझं म्हणणं नाही. नवीन संगणकांना जागा लागतेच. पण त्या प्रत्येक डब्यात एक हार्ड डिस्क असते आणि तिच्यावर काय आहे हे कोणी उघडून पाहत नाही. मी पाहिलं. जे सापडलं ते आपल्या वाचकांना सांगावं आणि शिक्षकांना एक विनंती करावी, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मी बरीच वर्षं संगणकाचा क्लास चालवला. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला लागायला लागलं, तेव्हाचा तो काळ. खाली कृषी केंद्र, वर आमची खोली. मृग लागला की बियाण्यासाठीची रांग जिन्यापर्यंत यायची आणि फवारणीच्या दिवसांत औषधाचा वास थेट कीबोर्डपर्यंत. भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं असायचं आणि तास त्याच्या हिशेबाने लागायचे. लाइन गेली की यूपीएस ओरडायला लागायचा आणि पोरी घाईघाईने फाइल सेव्ह करायच्या. पुढे मोबाइल आले, क्लास बंद झाला, तेव्हा त्यातले चालू संगणक मी शेजारच्या गावच्या शाळेला देऊन टाकले. तिथे ते आणखी काही वर्षं चालले. या वर्षी तेच संगणक यादीत आले. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला, "मॅडम, तुमचंच सामान आहे, एकदा बघून घ्या."

संगणक सगळे विंडोज एक्सपीचे. आमच्या क्लासात तेव्हा इंटरनेट नव्हतं, गाण्यांच्या सीडी नव्हत्या, त्या विकत आणायला पैसेही नव्हते. तरी त्या संगणकांत गाणी होती. आम्ही टाकलेली नव्हती, कंपनीनेच घालून दिलेली होती. 'माय म्युझिक'च्या आत 'सॅम्पल म्युझिक' नावाची घडी (फोल्डर) उघडली की दोन फाइली दिसायच्या. एक बीथोव्हन या संगीतकाराच्या नवव्या सिंफनीतल्या स्केर्झोचा, म्हणजे वेगवान भागाचा, तुकडा, दुसरी न्यू स्टोरीज नावाच्या जॅझ वादकांची 'हायवे ब्लूज'. दोन्ही मिनिट-दीड मिनिटाच्याच. सुरुवातीच्या काही एक्सपीमध्ये डेव्हिड बर्न यांचं एक गाणंही यायचं, आमच्या संगणकांत ते नव्हतं.

माउस हातात धरायला शिकवायचा असला की मी पहिल्याच दिवशी ही घडी उघडायला लावायची. डबल क्लिक जमला की गाणं वाजतं, हे बक्षीस पोरांना फार आवडायचं. विंडोज मीडिया प्लेअर उघडायचा, त्याच्या काळ्या पडद्यावर रंगीत रेघा नाचायच्या. 'बॅटरी', 'अल्केमी', 'बार्स अँड वेव्ह्ज' अशी त्यांची नावं होती आणि ती पोरांना पाठ होती. कापूस वेचून संध्याकाळच्या बॅचला येणाऱ्या मुली त्या रेघांकडे पाहत बसायच्या. मी त्यांना कधी उठवलं नाही.

बीथोव्हनला आमच्याकडे 'नगाऱ्यावालं' म्हणायचे. त्या तुकड्यात तंतुवाद्यं सरसर धावतात आणि मध्येच टिंपनीचे ठोके पडतात. टिंपनी हा शब्द कोणालाच ठाऊक नव्हता, पण ठोका नगाऱ्याचाच आहे हे बरोबर ओळखलं होतं. पोट्टे म्हणायचे, "मॅडम, थे नगाऱ्यावालं लावा ना जी." 'हायवे ब्लूज' मात्र मोठ्या माणसांना आवडायचं. खालच्या दुकानातला हमाल जेवणाच्या सुट्टीत वर यायचा आणि तेच लावायला सांगायचा. त्यातल्या सॅक्सोफोनला तो 'सनई' म्हणायचा. ब्लूज म्हणजे काय, ते कोणी आणि कोणत्या दुःखातून गायला सुरुवात केली, हे त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तरी उन्हातून आलेला तो माणूस डोळे मिटून ते ऐकायचा.

आज मला वाटतं, गावाकडच्या एका पिढीच्या कानावर परदेशी वाद्यवृंद पहिल्यांदा पडला तो याच वाटेने. रेडिओवर तो क्वचित लागायचा आणि लागला तर घरातलं कोणीतरी बटण फिरवायचं. इथे तो आमच्या टेबलावर होता, आणि हवा तेव्हा, हवा तितक्यांदा लागत होता. हा पाश्चात्त्य, हा शास्त्रीय, हा आपल्याला कळणार नाही, असं सांगणारं शेजारी कोणी नव्हतं. म्हणून ऐकणाऱ्यांनी तो सरळ ऐकला.

पुढे फोनवर मी ती अख्खी सिंफनी ऐकली. तासाभराहून मोठी आहे. आमच्याकडे होता तो तिच्या दुसऱ्या भागाचा छोटासा तुकडा. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली तेव्हा बीथोव्हन यांना ऐकू येत नव्हतं, हेही तेव्हाच कळलं. सगळी सिंफनी संपल्यावर मी पुन्हा तो आमचा तुकडा कुठे येतो ते शोधून ऐकला आणि नगाऱ्याच्या ठोक्याला मला त्या खोलीतला कोणता पोरगा कुठे बसायचा तेसुद्धा आठवलं.

आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा समजली आणि ती या पत्रासाठी महत्त्वाची आहे. तो बीथोव्हन वाजवला होता सिएटल सिंफनीने, जेरार्ड श्वार्झ यांच्या दिग्दर्शनाखाली. 'हायवे ब्लूज'चे संगीतकार मार्क सील्स हे सिएटलचेच पियानोवादक. आणि मायक्रोसॉफ्टचं मुख्य ठाणं रेडमंड, ते सिएटलला लागूनच. जगभरात जाणाऱ्या डब्यात गाणी घालायची वेळ आली तेव्हा त्या लोकांनी शेजारच्या शहरातल्या कलावंतांकडे पाहिलं. मुद्दाम ठरवून तसं केलं की सोयीचं म्हणून केलं, कसंही असो, शेजारच्या गावचं वाजवणं जगाला ऐकवण्याजोगं आहे असं त्यांनी धरलं. मला ते फार आवडलं.

मीडिया प्लेअरबरोबर दुसरा एक होता, विनअ‍ॅम्प. तो विंडोजमध्ये येत नसे, सीडीवरून टाकावा लागे. यवतमाळहून कोणीतरी एमपी३ची सीडी आणली तेव्हा तो आमच्याकडे आला. साध्या ऑडिओ सीडीवर ऐंशी मिनिटांच्या आतबाहेर गाणी बसत. एमपी३ केली की मिनिटाला साधारण एक एमबी लागे, म्हणजे ७०० एमबीच्या सीडीवर अकरा तासांहून जास्त. लग्नसराईत त्या एका सीडीवर अख्खं लग्न उरकायचं. विनअ‍ॅम्प १९९७ मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि दिमित्री बोल्दिरेव या तरुण मुलांनी काढला. १९९९ मध्ये तो एओएल कंपनीने घेतला, २०१४ मध्ये रेडिओनॉमी या कंपनीकडे गेला. २०२४च्या सप्टेंबरात त्याचा मूळ कोड खुला करण्यात आला आणि महिनाभरात परत काढूनही घेतला गेला. त्याच्यातही एक नमुन्याची फाइल असायची. प्लेअर नवीन टाकला की एका माणसाचा भरदार आवाज विनअ‍ॅम्पचं नाव घेऊन लामा नावाच्या प्राण्याबद्दल एक वाक्य टाकायचा. आमच्या पोरांना त्यातलं एक अक्षर कळत नसे, पण चाल अशी पाठ की जिना चढता चढता म्हणायचे.

नंतर शाळेत विंडोज ७चे दोन संगणक आले. त्यातली गाणी निराळी. मिस्टर स्क्रफ यांचं 'कलिंबा', शिकागोचे पियानोवादक बॉब आक्री यांचं 'स्लीप अवे' आणि क्लॉद देबुसी यांची एक जुनी रचना. 'कलिंबा' मुलांनी स्नेहसंमेलनात नाचायला घेतलं होतं, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. कलिंबा हे आफ्रिकेतलं वाद्य. लाकडी पेटीवर लोखंडाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि दोन्ही अंगठ्यांनी त्या छेडतात. हे मी मुलांना आता सांगितलं. तेव्हा नाचलेल्या मुलांतली एक जण आज त्याच शाळेत पोषण आहाराचं काम पाहते. तिला वाटायचं, कलिंबा हे गाणाऱ्या बाईचं नाव असेल.

मी ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते आता सांगते.

एक्सपीमध्ये 'साउंड रेकॉर्डर' नावाचं एक लहानसं साधन होतं. लाल गोल बटण आणि मध्ये हिरवी रेघ. माइकमध्ये बोललं की रेघ थरथरायची. एके दिवशी एका मुलीची आजी तिला न्यायला आली आणि टेकली. नगाऱ्यावालं लागलेलं होतं. ती म्हणाली, "हे कोन वाजवून रायलं वं माय?" मी म्हटलं, दूरदेशीचे लोक आहेत, वाजवून ठेवलेलं आहे. तशी ती म्हणाली, "मंग आमचं बी घाल ना त्यात." भुलाबाईचे दिवस होते. आम्ही माइक तिच्यापुढे धरला आणि तिने गायला सुरुवात केली.

साउंड रेकॉर्डर साठ सेकंदांनी आपोआप थांबायचा. तशीच त्याची रचना होती. पुन्हा लाल बटण दाबलं की आणखी साठ सेकंद. आजीला ते कसं कळावं? ती गातच राहायची. बटण पुन्हा दाबेपर्यंतचे शब्द जायचे. त्यामुळे तिच्या गाण्यात मिनिटामिनिटाला एक सांधा आहे. तिथे भुलाबाई सासरी निघालेली असते आणि एकदम माहेरच्या अंगणात पोचते.

त्यानंतर ही रीतच पडली. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत महिनाभर कोणी ना कोणी येऊन गाणं भरून जायची. मुली टिपऱ्या घेऊन यायच्या. खाऊ ओळखायचा खेळही त्यात भरलेला आहे. शेंगदाण्याचे लाडू ओळखायला किती वेळ लागला आणि कोण चिडलं, सगळं ऐकू येतं. जात्यावर दळलेल्या बायका अजून गावात होत्या, त्यांच्या ओव्या आहेत. एका मुलाने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं भजन खंजिरीवर म्हटलेलं आहे. आवाज फुटायच्या वयातला मुलगा, वरच्या सुराला चिरकतो आणि तरी थांबत नाही. आमच्या भागात बंजारा तांडे पुष्कळ आहेत. तांड्यावरच्या मुलींनी होळीच्या लेंगी गोरबोलीत म्हटल्या आहेत. लेंगी म्हणताना त्या मुली एरवीपेक्षा दुप्पट मोठ्याने बोलतात, हे मला रेकॉर्डिंग ऐकताना जाणवलं. क्लासात त्यांचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता.

शाळेत संगणक गेल्यावर तिथल्या बाईंनीही हे चालू ठेवलं होतं. मला त्याची कल्पना नव्हती. परिपाठ, पोळ्याला म्हणतात त्या झडत्या, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन आलेल्या पोरांचा गोंधळ, सगळं त्यांनी साठवून ठेवलं होतं.

आता या डिस्क उघडल्या तेव्हा काय झालं ते सांगते. काही संगणक चालूच झाले नाहीत. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले होते. आपल्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याची खोली, दुसरं काय होणार? एक चालू झाला. आतली छोटी बॅटरी संपलेली, त्यामुळे तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर गेली होती. एक्सपीचं ते ओळखीचं हिरवं टेकाड पडद्यावर आलं, सुरुवातीचा सूर वाजला. 'सॅम्पल म्युझिक'मध्ये बीथोव्हन होता. वाजवला. रेघा नाचल्या. मुख्याध्यापक, एक शिपाई आणि पाचवीतली काही मुलं भोवती उभी होती. आजची मुलं त्या रेघांकडे पाहून हसतील असं मला वाटलं होतं. ती गप्प होऊन पाहत राहिली.

बाकीच्या डिस्क काढून घरी आणल्या आणि आयडीई (जुन्या डिस्कचा जोड) ते यूएसबीच्या केबलने लॅपटॉपला जोडल्या. दोन डिस्क नुसत्या टकटक करत राहिल्या, त्यांच्यातलं काही हाती आलं नाही. बाकीच्या वाचता आल्या. आमच्या घड्या सापडल्या. नावं सगळी रोमन अक्षरांत, कारण एक्सपीत मराठी लिहायचं तर सीडी घालून वेगळ्या फाइली टाकाव्या लागत आणि क्लासात कोणी ते करत नसे. 'भुलाबाई१', 'आजी', 'आजी नवीन', 'तांडा' अशी नावं.

त्या फाइली मी मीडिया प्लेअरमध्ये एकत्र लावल्या. वर कंपनीची गाणी, खाली आमची. कंपनीच्या गाण्यापुढे सगळं लिहिलेलं. संगीतकार कोण, वाद्यवृंद कोणता, दिग्दर्शक कोण, सॅक्सोफोन कोणी वाजवला. एर्नी वॉट्स हे नाव मला तिथेच कळलं. मग आमची फाइल आली आणि पुढे लिहिलेलं दिसलं, 'अननोन आर्टिस्ट', 'अननोन अल्बम'. एकामागून एक, खालपर्यंत तेच.

संपादक महोदय, यातली एकही बाई अनोळखी नाही. मला त्यांची घरं ठाऊक आहेत. कोणाच्या घरी बोरीचं झाड होतं, कोणाचा मुलगा पुण्याला गेला, कोणी कर्जापायी नवरा गमावला आणि त्याच वर्षी भुलाबाईला येऊन गायली, हे सगळं गावाला माहीत आहे. माझ्यानंतर मात्र ती फाइल उघडणाऱ्याला ते माहीत नसेल. त्याच्यासाठी तो एक बाईचा आवाज असेल, बस. आवाज उरला आणि नाव गेलं, तर मला ते अर्धंच वाचवणं वाटतं.

नाव लिहिण्याची रीत आपल्याकडे नाही असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर आहे. आज त्या लोकांना ऐकता-वाचता येतात आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. काम असंच व्हायला हवं. आमच्या भुलाबाईच्या, लेंगीच्या, झडत्यांच्या बाबतीतही ते करता येईल, आणि त्यासाठी आता फार दिवस हातात नाहीत.

जगाचं लक्ष त्या दोन-चार कंपनीच्या गाण्यांकडे आहे. ती कुठेही हरवणार नाहीत. एक्सपीला कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी आधार देणं बंद केलं, तरी तो बीथोव्हनचा तुकडा हजारो लोकांनी जपून ठेवला आहे. 'कलिंबा' ऐकून देशोदेशीचे लोक शाळेचे दिवस आठवतात. मीसुद्धा त्यांच्यातलीच आहे आणि त्या गाण्यांवर माझा जीव आहे. पण त्याच डिस्कवर, त्याच घडीच्या शेजारी जे आहे त्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. ती डिस्क भंगाराच्या गाडीत गेली की संपलं. एका गावच्या शाळेचे संगणक गेल्या वर्षी असेच गेले. तिथल्या एका शिक्षकांनी डफड्यावरची गाणी भरून ठेवली होती असं नंतर ऐकलं. डिस्क काढलेली नव्हती.

म्हणून शिक्षकांना आणि निर्लेखन समितीतल्या सदस्यांना माझी विनंती आहे. संगणक द्या, पण डिस्क आधी उघडून बघा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्याप्रमाणे सामान योग्य ठिकाणीच जायला हवं. त्याआधी दोन तास डिस्कसाठी काढले तर नियमात काही बिघडत नाही. शाळेच्या जुन्या डिस्कवर मुलांची माहिती, पटाच्या याद्या, पालकांचे नंबर असतात, तेवढ्यासाठी तरी ती काढून घेणं भागच आहे. जुन्या संगणकात डिस्क चार स्क्रूंवर बसलेली असते. केबल यवतमाळ-अमरावतीला संगणकाच्या कोणत्याही दुकानात मिळते. डिस्क टकटक आवाज करत असेल तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, त्याने ती आणखी खराब होते. जाणकाराला दाखवा.

सापडलेली मूळ फाइल आहे तशी ठेवा. ती वेव्ह प्रकारची (आवाज न दाबता साठवलेली) असेल तर जागा खाते, सीडीच्या दर्जाची असेल तर मिनिटाला दहा एमबी. आज दहा एमबीचं काय मोल? मोबाइलमध्ये एक व्हिडिओ त्याहून मोठा असतो. मोह होतो तो लगेच एमपी३ करून मूळ पुसून टाकण्याचा, तो टाळा. एमपी३ करताना आवाजातला काही भाग कायमचा जातो. नाव, गाव, वर्ष आत लिहायचं तर फ्लॅक नावाचा प्रकार वापरता येतो, त्यात आवाज पूर्ण राहतो आणि माहितीही राहते. ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यासाठी पुरतो. पण आवाज साफ करण्याच्या नादी लागू नका. आमच्या एका फाइलमध्ये आजीच्या मागे यूपीएस ओरडतो आहे, खाली कोणीतरी सरकीच्या ढेपेचा भाव विचारतो आहे. मला ते काढायचं नाही. प्रती किमान दोन करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. सीडीवर भरवसा ठेवू नका, आपल्या उन्हात सीडीचा थर टिकत नाही.

आणि परवानगी विचारा. गाणारी बाई हयात असेल तर तिला, नसेल तर तिच्या लेकीसुनांना. मी सध्या हेच करते आहे. लॅपटॉप घेऊन घरी जाते, फाइल लावते आणि विचारते, हा आवाज कोणाचा? एका घरी सुनेने सासूचा आवाज ऐकला, तिला जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. सून म्हणाली, "हे सुटलेले शब्द मले येतात, मी म्हनून देऊ का?" तिने म्हटले. मी ते वेगळ्या फाइलमध्ये, तिच्या नावाने ठेवले. सासूच्या गाण्यातला सांधा तसाच ठेवला आहे. तांड्यावरच्या लेंगींचे शब्द मला येत नाहीत. ते गोरबोली जाणणाऱ्यानेच लिहावेत. तांड्यावरची एक शिकलेली मुलगी ते करायला तयार झाली आहे, आणि ती त्यातल्याच एका गाणारणीची लेक आहे.

विद्यापीठांकडूनही एक मागणं आहे. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आणि गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ, दोन्ही आपल्या विदर्भातली. गावोगावच्या शाळांतून निघालेले असे आवाज ठेवायला त्यांनी जागा द्यावी. मोठी इमारत लागत नाही. एक जबाबदार माणूस, थोडी साठवणूक आणि कोणी फाइल आणून दिली तर तिची नोंद घेण्याची पद्धत एवढ्याने सुरुवात होईल. मराठी विभागातल्या मुलांना लोकसाहित्याचा पेपर असतोच. त्यांच्या गावच्या शाळेची डिस्क हाच त्यांचा प्रकल्प का असू नये?

आपल्या वृत्तपत्रालाही विनंती. जिल्हा पानावर निर्लेखनाच्या बातम्या येतात तेव्हा सोबत एक ओळ छापावी, 'डिस्क तपासली का?' आणि ज्या शाळांना काही सापडेल त्यांनी ते आपल्याकडे कळवावं. गाणारीचं नाव पेपरात आलं तर तिच्या घरच्यांना किती आनंद होईल हे मी सांगायला नको.

दारव्हा, दिग्रस, नेर या तालुक्यांतल्या कोणत्याही शाळेला डिस्क काढायला, जोडायला किंवा फाइली उतरवून घ्यायला मदत हवी असेल तर मी माझी केबल आणि लॅपटॉप घेऊन येईन. एसटी जाते तिथपर्यंत माझं मी पोचते, पुढे कोणीतरी गाडीवर न्यायला यावं. पैसे घेणार नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. फक्त एक करावं, भंगाराची गाडी ठरवण्याच्या आधी कळवावं.

आपली,
एक जुनी संगणक प्रशिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ